पापडावरची काजळी

सोलापूरच्या दुकानदारानं आमच्या पापड सोसायटीचा माल टोपलीसकट आमच्या गावी, मुरुमला परत धाडला. पापडांवर काजळीचे ठिपके. पुढची खेप अशीच आली तर आपला रामराम, असा निरोप. म्हणजे सोसायटी बंद, आणि आम्ही बायका पुन्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला. माझ्या हातांचे फोड आत्ता कुठं बरे झाले होते. मला रडूच आलं.

गावानं निकाल लावून टाकला, एसटीचा धूर. सगळ्यात मोठा आवाज फुटाणेवाल्या गुरुलिंगअप्पांचा. स्टँडवर जाऊन त्यांनी ड्रायव्हरला असं झापलं, की तो बिचारा चहा तसाच टाकून गाडी घेऊन गेला.

आमच्या चेअरमन तुळजाबाईंना मात्र ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीगल्लीतल्या घरांच्या माळवदांवर ओले पापड घालायला लावले. म्हणाल्या, "धूर कुठनं येतुया, त्ये पापडच सांगतील." उडदाची नासाडी आहे, असं मी तोंडावर सांगितलं. त्या नुसत्या हसल्या.

संध्याकाळी पापड उतरवले. स्टँडजवळचे बऱ्यापैकी स्वच्छ. पेठेत आत शिरावं तसतसे काळे, आणि फुटाण्याच्या भट्टीमागचे तर तव्याच्या बुडासारखे. दुष्काळात सरपण मिळेना, म्हणून अप्पा भट्टीत जुने टायर जाळत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी भांडायला पदर खोचला. तुळजाबाईंनी अप्पांना चहाला बोलावलं आणि भट्टीमागचाच एक पापड भाजून पुढ्यात ठेवला. पाहुण्याला नको म्हणता येत नाही. अप्पांनी तुकडा मोडला, तशी बोटं काळी झाली.

"तुळजाक्का, ह्ये कसं खाऊ म्या?"

"पेठेतली लेकरं रोज नाकानं खात्यात की, अप्पा."

अप्पांनी बोटं धोतराला पुसली. मग हळूच म्हणाले, "पर जाळू काय? लाकूड हाय कुठं?"

प्रश्न खरा होता, आणि उत्तर आमच्या घरोघरी होतं. भुशाची शेगडी. बुडाजवळ हवेला खाच पाडलेल्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. त्या भोकातून एकसारखा जाळ लागतो, धूर नावाला. अप्पांसाठी आम्ही डब्याऐवजी तेलाचं पिंप घेतलं आणि बाटलीऐवजी मुसळ. पहिल्यांदा मुसळ काढताना सगळा भुसा ढासळला. अप्पा कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्यांदा भुसा जरा ओलसर करून ठासला, मग जमलं.

पुढच्या खेपेचे पापड तुळजाबाईंनी मुद्दाम भट्टीमागच्याच माळवदावर घातले. दिवसभर खाली फुटाणे तडतडत होते आणि वर माझा जीव. संध्याकाळी एकेक पापड उलटून पाहिला. ठिपका नाही. मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी मी ते लपवलं नाही.

अप्पांनी एक पापड भाजून उभ्याउभ्याच खाल्ला. "आजून हाय का?"

"न्हाय. बाकीचं सोलापूरला निगालं," तुळजाबाई म्हणाल्या.

टोपली एसटीच्या टपावर चढली. ड्रायव्हर तोच होता. अप्पांनी आधी त्याला चहा पाजला, मगच गाडी जाऊ दिली.