कच्ची शिलाई

लुळा हात आधी, मग धड हात. बाबांना शर्ट चढवण्याचा हा क्रम तिला वर्षभरात पाठ झाला होता. ती बटणं लावू लागली, तेव्हा बाबा शिलाई मशीनवर पडलेल्या पत्राकडे बघत होते.

“प्रवेश मिळाला की नाही? काय ते एकदा सांगून टाक.”

“मिळालाय. पण अटीवर.”

“म्हणजे नाही मिळाला.”

“तसं नाही हो, बाबा. जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. अट पुरी केली की पक्की.”

“मग कच्ची शिलाई आहे असं सांग ना!” ते अर्ध्या ओठांनी हसले. लोकांचे कपडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कच्चा दोरा घालून कापड धरायचं, अंगाला नीट बसलं की पक्की टीप मारायची. नाही बसलं, तर दोरा ओढायचा की मोकळं. “अट कसली?”

तिने कॉलर सरळ केली. मग पुन्हा सरळ केली.

“अगं बोल. मार्क कमी पडले?”

“मार्क पुरेसे आहेत.”

तिने पत्र वाचून दाखवलं. अर्जात तिने खरं तेच लिहिलं होतं: वडिलांना पक्षाघात, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून बारावीनंतर वर्षभर थांबले. आता विद्यापीठाला डॉक्टरांच्या सहीने लिहून हवं होतं की थांबण्याचं कारण उरलेलं नाही.

“कारण म्हणजे मीच की,” बाबा म्हणाले. “एक तर मी बरं व्हायचं, नाहीतर उरायचं नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. तुझं एकच आहे, आणि ते खुर्चीत बसलंय.”

“अभद्र बोलू नका!” तिचा आवाज चिरकला. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की पत्र आल्यापासून तिला बाबांच्या तोंडाकडे धड बघवत नव्हतं.

बाबांनी धड हाताने शर्टाची बटणं चाचपली. मग म्हणाले, “डॉक्टर दोनच गोष्टी बघणार. चालता येतं का आणि आपले कपडे आपले आपण घालता येतात का. चालेन मी, भिंत आहे. तू हा शर्ट काढ. बटणं लाव आणि आतून पट्टीला कच्चा धावदोरा घाल. नुसत्या बटणांवर ओढला तर सुटतो. डोक्यातून घालीन.”

“आणि मी गेल्यावर?”

“गेल्यावरचं गेल्यावर. सुई घे.”

तिने सुई घेतली. टाके वेडेवाकडे पडले तरी एरवी शिवणावरून रागावणारे बाबा “चालेल” म्हणाले.

डॉक्टर आले त्या दिवशी बाबा भिंतीच्या कडेने चालले. “कपडे बदलून येतो,” म्हणत पडद्याआड गेले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, धापा ऐकू आल्या. शेवटी ते घामाने निथळत, पण सगळी बटणं लावलेले, बाहेर आले. पट्टीतून पांढरा दोरा डोकावत होता. डॉक्टरांची नजर तिथे थोडी रेंगाळली, मग तिच्याकडे वळली.

“लांब आहे का गं कॉलेज?”

“हो. तिथेच राहावं लागेल.”

त्यांनी सही केली आणि चहा न घेताच निघाले.

ती त्यांना दारापर्यंत सोडून कागद घेऊन आत आली. बाबांनी शर्ट डोक्यातून काढायला घेतला होता आणि तो मधेच अडकला होता. आत डोकं, आत लुळा हात. धड हात वर नुसताच चाचपडत होता.

“थांबा, दोरा ओढते.”

“हात लावू नकोस,” कापडातून घुसमटलेला आवाज आला. “तू नसताना कोण ओढणार आहे? शिकू दे मला. तू जा बाहेर.”

पट्टीच्या टोकाशी दोरा लोंबत होता. ओढला की मोकळं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. कागद मुठीत चुरगळला. बाबा गुदमरत ओढत राहिले, थांबले, पुन्हा ओढू लागले.

“गेलीस का गं?”

“गेले,” ती तिथूनच म्हणाली.