चाळीस दिवसांची बंडी

"अहो, ते अंड्याचं बघा की," कांताबाई मागच्या दारातून म्हणाल्या. "कातड्याला बलक चोळायचा, धुरी द्यायची, आठवड्यात काम. तनूच सांगत होती."

"अंडी आमलेटला," भगवान म्हणाला आणि पुन्हा कातड्यावर वाकला.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या घरामागच्या एवढ्याशा बागेत त्यानं प्लास्टिकचा जाड पाइप तिरपा टेकवला होता. त्यावर हरणाचं कातडं पसरून बोथट सुरीनं तो चुन्यात भिजलेले केस खरवडत होता. वय बाहत्तर, कंबर कधीचीच गेलेली. पण हात असा चालत होता की बघणाऱ्यानं म्हणावं, या माणसानं जन्मभर दुसरं काही केलंच नाही. आणि या गृहस्थानं जन्मभर केलं काय, तर एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उचलल्या.

दाराशी खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून भगवान-कांताबाईंची मुलगी बसली होती. तनू, छत्तीस वर्षांची, इथंच वाढलेली म्हणून मराठी थोडं मोडकं. इथल्याच एका शाळेत सायन्स शिकवायची. मार्चमध्ये पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेली, आणि जुलैमध्ये त्यांनी सांगितलं की आता औषध फक्त दुखणं कमी करायला.

"पपा, स्लो करा ना. मला दिसला नाही तुम्ही कसा धरला ते."

"अंगठा वर. वजन मनगटावर नाही, खांद्यावर. बघ."

हे शिकवणं तीन वर्षांपूर्वी झालं असतं तर! तेव्हा तनू जंगलात कुठलासा वीकेंड कोर्स करून आली होती, आणि येताना हरणाचं एक ओलं कातडं घेऊन आली. तिची मैत्रीण सिया जवळच्या सरे परगण्यात एका इस्टेटीवर कामाला. तिथं दरवर्षी हरणांची संख्या वाढली की काही मारतात, कातडी वायाच जातात. भगवाननं घर डोक्यावर घेतलं. घरात कातडं? शेजारीपाजारी काय म्हणतील? उचललं आणि निघाला कचऱ्याच्या बिनकडे.

पण वाटेत काय झालं देव जाणे. किचनमध्ये थांबून त्यानं ते कातडं पेपरवर पसरलं, मिठाची अख्खी पिशवी त्यावर ओतली, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत चोळली, कातड्याची मानेकडची बाजू आत घेऊन घडी केली, आणि मग नेऊन टाकलं. मीठ लावलं म्हणजे कातडं सडत नाही. तनू दारात उभी राहून सगळं बघत होती.

"पपा, फेकायचा होता तर मीठ का लावला?"

 तिला भगवाननं सांगितलं होतं, सोलापूरकडे आपली शेती होती. ईलिंगच्या मराठी मंडळींनी "कुठले तुम्ही, कोणापैकी?" म्हणून विचारलं की त्यांनाही तेच. खरं तर घरामागे चुन्याचे तीन हौद होते. आणि एक बाप होता, ज्यानं कमावलेल्या चामड्याची लोक तारीफ करत, पण त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. भगवान अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्या हौदांकडे पाठ करून निघाला तो थेट इथवर आला.

मग यंदा ऑगस्टमध्ये एका दुपारी तनू म्हणाली, "पपा, मला एक बंडी पाहिजे. हरणाचा. तुम्ही केलेला. तो घालून एकदा बाहेर जायचंय. बस." पुढं म्हणाली, "आणि मला माहितीये की शेती नव्हती."

त्यानं सियाचा नंबर मागितला. दुसऱ्या दिवशी सियानं तीन कातडी आणून दिली.

ओकच्या सालीचं पाणी उकळून त्यानं मोठ्या टबात भरलं आणि खरवडून धुतलेली कातडी त्यात सोडली. रोज हलवायची, आठवड्याला पाणी दाट करायचं. माझ्या बापानं चाळीस दिवसांच्या आत कातडं बाहेर काढलं नाही, मीही काढणार नाही, म्हणाला.

"तिच्याकडे आहेत का हो चाळीस दिवस?" कांताबाईंनी एकदा विचारलंच.

"कच्चं चामडं पोरीच्या अंगावर घालू?" तो खेकसला. मग हलवायची काठी खाली ठेवून टबाची कड धरून उभा राहिला. चाळीस दिवस आपण ठरवले की तेवढे तरी मिळतीलच, असा वेड्यासारखा हट्ट धरून बसला होता तो. कांताबाईंना ते कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तनूची खुर्ची दारातून आत गेली, मग पुढच्या खोलीत कौन्सिलकडून आजारी माणसाचा पलंग आला. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यानं कातडी काढली, वाळत असताना तेल लावून मळली, ताणली, इतकी मऊ केली की गालाला लावावीत. मापाची टेप घेऊन मात्र तो तनूच्या पलंगाशी गेला आणि तसाच परत आला. त्या अंगाला टेप लावायची छातीच झाली नाही. गेल्या हिवाळ्यातला तिचा कोट कपाटात होता, त्याच्यावरून माप घेतलं. आरीनं भोकं पाडून चार दिवसांत बंडी शिवून काढली.

कांताबाईंनी तिला उठवून बसवलं, त्यानं तिच्या अंगात बंडी घातली. ती खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली.

"उसवतो," भगवान घाईघाईनं म्हणाला. "दोन दिवस दे फक्त."

"पपा, प्लीज. दोन दिवस नका मागू." तनूनं बंडीवरून हात फिरवला. "इट्स ब्यूटिफुल. तुम्हाला बसेल. घाला ना. मला बघायचंय."

त्यानं घातली. अगदी बरोबर बसली. तनू हसली, पुष्कळ दिवसांनी.

तेवढ्यात रोजची नर्स आली. पिशवी ठेवता ठेवता तिनं इंग्रजीत विचारलं, "अरे वा, सुरेख आहे वेस्टकोट. कुठून घेतला?"

तनू बापाकडे बघत होती. डोळे लख्ख उघडे.

"शॉपमधून," भगवान म्हणाला.

तोंडातून निघूनच गेलं. पन्नास वर्षांची जीभ ती.  तनूनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी ती उठली नाही. श्वास चालू होता, पण हाकेला ओ नाही. नर्सनं तपासलं, कांताबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता जागी होईल असं वाटत नाही. पण बोला तिच्याशी. ऐकू येत असतं."

भगवाननं बंडी काढलीच नव्हती.

"काल मी खोटं बोललो," तो नर्सला म्हणाला. "ही मी केली. मला वडिलांनी शिकवलं."

नर्सनं मान हलवली. तिला बिचारीला त्यात विशेष ते काय कळणार?

मग तो पलंगाशी गुडघे टेकून बसला, तिच्या कानाशी गेला.

"तनू, चुकलो गं मी. ऐकतेस ना? आपण जातीनं ढोर. माझा बाप कातडी कमवायचा. फार चांगली कमवायचा."