मानसिंगरावांच्या सायकलची उत्तरपूजा

आमच्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा होते. शस्त्र म्हणजे ह्यांच्या पणजोबांची तलवार, जी आता म्यानातूनही निघत नाही. गेल्या दसऱ्याला तिच्या शेजारी आमच्या ह्यांनी, म्हणजे मानसिंगरावांनी, आपली नवी कोरी सायकल उभी केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. मी तोंडाला पदर लावून हसले, पण मनातून बरं वाटलं होतं. बाजव्याच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर हा माणूस वर्षभर टीव्हीसमोर बसून मिटत चालला होता. सायकल आली आणि घरात पुन्हा शीळ ऐकू यायला लागली.

दिवाळीनंतर ती शीळ थांबली. सायकलवरून सावली गावापर्यंत जाऊन आले की हे नुसते हात झटकत बसायचे. विचारलं की "काही नाही." मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तासन्‌तास बधिर राहत होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नस दबते आहे, महिन्याभरात फरक पडला नाही तर सायकल बंद. सायकल बंद म्हणजे पुन्हा तो सोफा आणि तो टीव्ही.

आमची लेक मिताली फिजिओथेरपिस्ट आहे; इथेच वाढल्यामुळे तिच्या मराठीत गुजराती मिसळतं. रविवारी आली, बापाला सायकलवर बसवलं आणि कपाळाला हात लावला.

"पप्पा, सीट पुढे उतरती, हँडल एवढं खाली! तुम्ही सारखे पुढे घसरता, मग सगळा भार तळहातांवर येतो ने. सीट सपाट करू, हँडल वर घेऊ. दोन मिनिटांचं काम छे."

"पाना लावायचा नाही," हे म्हणाले. "पूजा झाली आहे. पुढच्या दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. आपल्या घराण्यात चालत नाही."

"अने बोटं?"

"बोटंही घराण्याचीच आहेत."

आता मात्र माझं डोकं सटकलं. सीट अशी उतरती केली कुणी? ह्यांनीच, पूजेच्या आधी, टीव्हीवर शर्यती बघून. मी तडक देवघरात गेले आणि मूठभर अक्षता घेऊन आले.

"गणपतीची उत्तरपूजा करतो ना आपण? अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची हलवली, की झाली मोकळी. तशी ही पण मोकळी." सीटवर अक्षता टाकल्या, सायकल वीतभर सरकवली आणि मनोभावे हात जोडले.

"हे शास्त्रात बसतं?" ह्यांनी विचारलं.

"बसतं. मी बसवलंय."

मितालीने तेवढ्यात पाना फिरवलासुद्धा. मग अंगणात बापाची शिकवणी सुरू झाली. छाती काढून, हात काठीसारखे ताठ करून बसायची ह्यांची जुनी खोड. "कोपर सैल सोडा. मनगट सरळ. मूठ आवळू नका पप्पा, हँडल कुठे पळत नाही! आणि एकाच जागी धरून बसायचं नाही, हात बदलत राहायचे." जाता जाता तिने गादीचे हातमोजेही हातात कोंबले.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक नाही. हे रोज परत आले की मी फाटकातच चेहरा वाचायची. विचारायचा धीर होत नव्हता. डॉक्टरांचा महिना तर सरत आला होता.

आणि परवा सकाळी मी मोरीत मेथी धूत होते. थंडीचं पाणी, बोटं आखडलेली. सावलीहून आलेले हे सायकल भिंतीला टेकवून सरळ आत आले आणि माझा ओला हात दोन्ही हातांत धरला.

"अगं, किती गार आहे हा! करंगळीलासुद्धा लागतंय."

माझे डोळे भरून आले. "सोडा आता, भाजी धुवायची आहे," मी म्हणाले, आणि हात तसाच राहू दिला.