एका वेळी एकच वाचक

वॉशिंग मशीन टिणटिणलं आणि दुपारची शांतता मोडली. ओले कपडे तसेच ठेवून ती आधी लॅपटॉपकडे धावली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं ते स्कॅन केलेलं जुनं पुस्तक एका वेळी एकालाच उघडता येई, तेही तासाभरापुरतं. तिनं ‘मुदत वाढवा’वर बोट टेकवलं. सकाळपासून हेच चाललं होतं आणि पान एकही वाचलं नव्हतं.

लेक झाल्यावर तिचा प्रबंध अर्ध्यावर राहिला. तोच विषय आता नणंदेनं घेतला होता, आणि तिचं कौतुक करून घरातलं कुणी थकत नव्हतं.

फोन वाजला. कपडे वाळत घालता घालता तिनं तो स्पीकरवर टाकला.

“वहिनी, उद्या प्रकरण द्यायचंय, आणि माझं पुस्तक कुणीतरी अडवून बसलंय! अंडी उबवतोय की काय मेला?”

“असेल कुणी अभ्यासू.”

“रडकुंडीला आलेय गं मी.”

हातातला कपडा टाकून ती लॅपटॉपपाशी आली. पुस्तक परत करायला तिनं हात पुढे केला.

“तुझं बरंय बाई, सुटलीस यातून,” नणंद म्हणाली.

हात तिथेच थांबला. फोन ठेवून तिनं पुन्हा मुदत वाढवली.

लेक केव्हाची कमरेला बिलगून उभी होती. बागेत झोपाळा अडवून बसली म्हणून कालच तिनं आईचा ओरडा खाल्ला होता.

“हेच आत्याचं पुस्तक?”

“हो गं राणी,” तिच्या कपाळावरची बट सारत ती म्हणाली.

“मग तू वाचत नाहीस, तर आत्याला का देत नाहीस?”