तोंड परकीचं, आवाज लेकीचा

“आता बघा काका, पायाखालची जमीन हादरते की नाही!” असं म्हणून सेल्समनने बटण दाबलं. पडद्यावर एक पूल कोसळला. दुकानाच्या काचा थरथरल्या, शेजारच्या रांगेतल्या मिक्सरची झाकणं वाजली आणि तो पूल आपणच पाडल्यासारखं समाधान सेल्समनच्या चेहऱ्यावर पसरलं.

फिटर हाताची घडी घालून उभा होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. पस्तीस वर्षं त्याने कापड गिरणीत माग दुरुस्त करण्यात काढली होती. एका छपराखाली दोनशे माग एकदम धडधडत. अशा माणसाला पूल पडल्याचं काय कौतुक!

“मोठा आवाज नकोय मला. तो भरपूर ऐकून झालाय,” तो म्हणाला. “बोललेलं कळायला पाहिजे. बातम्या लावा.”

“बातम्यांना कशाला एवढा स्पीकर, काका?”

फिटरने मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने आवाज न काढता नुसते ओठ हलवले, ‘महागातला गळ्यात मारायला बघतोय.’ फिटरनेही तसंच बिनआवाजी उत्तर दिलं, ‘बघू दे की.’ सेल्समन बिचारा दोघांच्या मधोमध उभा, आणि त्याच्या नाकासमोर त्याचंच माप काढणं चाललेलं.

गिरणीत सगळेच असं बोलायचे. तिथे घसा फोडला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे, म्हणून आल्या आल्या ओठ वाचायला शिकावं लागे. बायकोही तिथलीच, सूत गुंडाळण्याच्या खात्यातली. फिटरने तिला लग्नाचं विचारलं ते चार मागांच्या पलीकडून, आणि तिचा होकारही त्याने डोळ्यांनीच ऐकला. पुढे संसारातली भांडणंसुद्धा दोघं याच भाषेत करत. शेजारीपाजारी म्हणत, काय गुण्यागोविंदाने नांदतात हो!

मागांनी फिटरचे कान हळूहळू खाल्ले. डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण यंत्र लावूनही त्याचा खरा भरवसा समोरच्याच्या ओठांवरच असे. त्यामुळे त्याला किती कमी ऐकू येतं हे फारसं कुणाला कळलंच नव्हतं.

पंचाईत झाली ती लेकीच्या कामामुळे. अशा मुक्या घरात वाढलेली ही एकुलती एक पोरगी, आणि पोटापाण्याला लागली ती आवाजाच्या धंद्यात. परदेशी मालिकांचं डबिंग करायची. आता तर एका मालिकेच्या नायिकेचा आवाजच ती होती. पडद्यावर तोंड हलायचं परक्या बाईचं आणि आवाज यायचा लेकीचा. फिटरचं गाडं तिथेच अडायचं. टीव्हीच्या पाठीतून निघालेला आवाज भिंतीवर आपटून येईपर्यंत त्याचा नुसता गोळा व्हायचा. मग सवयीने डोळे ओठांकडे धावायचे, आणि ते ओठ भलत्याच भाषेत बोलत असायचे.

मागच्या महिन्यात तर फजितीच झाली. नायिकेची आई जाते तो भाग लागून गेला होता. लेक जेवायला आली तेव्हा फिटरने तिची पाठ थोपटली. “काय रडलीस गं! आवाज कसा भरून आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.” “हो ना, बाबा,” लेक एवढंच म्हणाली आणि ताटात बघत राहिली. ती गेल्यावर बायकोने सांगितलं, की त्या आठवड्यात पोरीचा घसा बसला होता. तो भाग दुसऱ्याच मुलीने केला होता.

बापाला लेकीचा आवाज ओळखू येऊ नये! फिटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात काल लेकीचा आईला फोन आला. रविवारी मालिकेचा शेवटचा भाग, त्यात नायिकेचं न्यायालयातलं लांबलचक बोलणं. “आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे. मी घरी येऊनच बघणार. बाबांना नाही कळलं तरी चालेल.” बायकोने निरोप जसाच्या तसा पोचवला. ते ‘तरी चालेल’ फिटरच्या फार वर्मी लागलं. सकाळी उठून त्याने बायकोला दुकानात आणलं.

“बातम्या लावा,” त्याने पुन्हा सांगितलं आणि टीव्हीकडे चक्क पाठ करून उभा राहिला. बायको पडद्यासमोर. जे ऐकू येईल ते त्याने बोलून दाखवायचं आणि चुकलं की तिने मान हलवायची, असं त्यांचं घरीच ठरलं होतं.

पूल पाडणाऱ्या स्पीकरने निवेदिकेला विहिरीत बसवलं. वरच्या फळीवर एक लांब बार, म्हणजे पट्टीसारखा स्पीकर होता, तो गोड वाजायचा, पण त्याचा आवाज खोलीभर पसरायचा. सगळीकडून बाई बोलतेय आणि नेमकी कुठेच नाही. बायकोची मान हलतच होती.

“तो कोपऱ्यातला आखूड बार?” फिटरने विचारलं.

“तो साधा आहे हो. धमाका नाही त्यात. त्याच्या मधला स्पीकर नुसता बोलण्यासाठी दिलाय. म्हाताऱ्या...” सेल्समनने जीभ चावली.

“लावा. म्हातारा इथेच उभा आहे.”

बातमी सुरू झाली. फिटर बोलू लागला. एक वाक्य, दुसरं, तिसरं. स, श, त ही अक्षरं, जी मागांनी कधीच गिळली होती, ती एकेक करून परत येत होती. बायकोची मान हलायची थांबली. चौथ्या वाक्याला ती मोठ्याने म्हणाली, “बरोब्बर!” आणि दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

तोच बार घेतला. घरी बसवायला माणूस पाठवतो म्हटल्यावर फिटरने त्याच्याकडे असं पाहिलं, की सेल्समनने तो विषय तिथेच सोडला. घरी आल्यावर केबल फिटरने स्वतःच जोडली. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला, दोघांनी एकदम बोलू नये म्हणून. बार कपाटाच्या खणात खोल ठेवला तर आवाज घुमतो हे दोन मिनिटांत हेरून तो अगदी कडेला आणला, आणि फळी गुणगुणू नये म्हणून खाली रबराचे तुकडे दिले. मग मागे सरकून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. नवा माग चालू करून देताना तो असाच उभा राहायचा.

रविवारी दुपारी लेक आली. बारकडे बघून म्हणाली, “अरे वा,” आणि आईशेजारी बसली. मालिका सुरू झाली. न्यायालय आलं, परकी बाई उभी राहिली, आणि फिटरने डोळे मिटून घेतले. लेकीने आईकडे पाहिलं. तिला वाटलं, बाबांना डुलकी लागली.

आवाज आला. लेकीचाच. लहानपणी ताप आला की व्हायचा तसा जरासा कातर, पण खाली न पडणारा. एक शब्द सांडला नाही. पोरगी एवढं सुंदर बोलते हे फिटरला पहिल्यांदा कळत होतं, आणि त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

भाग संपला. ‘छान’ यायची लेक वाट बघत होती, दर वेळी यायचं तसं.

“शेवटाकडे ‘माझी आई’ म्हणालीस ना,” फिटर डोळे पुसत म्हणाला, “त्याच्या आधी थांबायला हवं होतं. घाई केलीस तिथे.”

लेक एकदम पुढे सरकली.

“तेच तर मी दिग्दर्शकाला म्हणत होते, पुन्हा घेऊ या! तो म्हणाला, जाऊ दे, कुणाला कळतंय.”

“मला कळलं,” फिटर म्हणाला.

लेकीचा चेहरा हसू की रडू असा झाला. तिने खुर्ची ओढली आणि बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. “आणखी काय काय चुकलंय? सगळं सांगा. एकही सोडू नका.”

फिटरने घसा साफ केला आणि बोटांवर मोजत सुरुवात केली.