मुकुटांच्या पेटीतलं फूल

याकुमीसच्या पलंगाच्या वर भिंतीला एक काचेची पेटी टांगलेली होती. आत त्याचे आणि अनेझीनाचे लग्नातले मुकुट, पांढऱ्या रिबिनीने एकमेकांना बांधलेले, आणि मुकुटांच्या मधोमध पिवळ्या फुलांची एक जुडी. ग्रीसच्या त्या छोट्या बेटावर लग्न झालेल्या प्रत्येकाच्या घरी अशी पेटी असतेच, आणि नवराबायकोतलं एक माणूस गेल्याशिवाय ती कुणी उघडत नाही. आधी उघडली तर संसाराला दृष्ट लागते म्हणतात. पण त्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर गावातल्या बायकांनी चर्चच्या अंगणात ठरवून टाकलं की पेट्या उघडायच्या.

"पाद्रीबाबा म्हणाले, मुकुटांना हात लावू नका, फुलं काढायला हरकत नाही," अनेझीना घरी येऊन म्हणाली.

"आपली नाही उघडायची."

"का म्हणून?"

"दृष्ट लागेल."

"एकेचाळीस वर्षांनंतर? आपल्याला दृष्ट लावायला कोण रिकामं बसलंय आता?"

याकुमीसने कॉफीचा कप उगाचच फिरवला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. समुद्र जणू त्याच्या बापाचाच होता, होड्या उलटवणाऱ्या वाऱ्यातही तो जाळी टाकून यायचा, पण बायकोच्या प्रश्नापुढे त्याची नेहमीच बोबडी वळायची. त्यात आज त्याच्याकडे उत्तर होतं, आणि तेच सांगण्यासारखं नव्हतं.

हा सगळा घोळ दानाईमुळे झाला होता. दानाई ही पात्रासच्या विद्यापीठातली वनस्पतींची अभ्यासक, तिशीही न गाठलेली. पंधरा दिवसांपासून ती याकुमीसच्याच वरच्या खोलीत राहत होती आणि रोज दोरखंड घेऊन ससाणकड्यावर उतरत होती. तिला हवा होता अमारांतो, पेट्यांतल्या जुड्यांचं फूल. सुकला तरी पिवळाच राहणारा, आणि या बेटाच्या त्या एका कड्याखेरीज जगात कुठेही न उगवणारा. कड्यावर प्रत्येक घराण्याचा आपापला कोनाडा. लग्नाआधी नवरदेवाने दोराने खाली उतरायचं, आपल्या कोनाड्यातला अमारांतो मुळासकट उपटून आणायचा आणि नवरीच्या हाती द्यायचा, अशी रीत. रीत चांगली टिकली, फूल तेवढं टिकलं नाही. दानाईला तेरा कोनाडे सापडले आणि तेराही बोडके निघाले, म्हणून आता पेट्यांतल्या सुक्या जुड्यांत एखादं बी मिळतं का ते तिला बघायचं होतं. चौदावा याकुमीसच्या घराण्याचा.

"तो होय? तो भूकंपात कोसळला," याकुमीसने तिला पहिल्याच दिवशी ठासून सांगितलं होतं. "शेवटचा अमारांतो मीच आणला त्यातून."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात तो दोर घेऊन कड्यावर गेला होता एवढंच खरं. पालथं पडून त्याने खाली डोकावलं, पुढे आलेल्या दगडाखाली कोनाड्यात पिवळे झुबके दिसलेही. आणि तो तिथूनच मागे सरकला. दोन वर्षांपूर्वीच अनेझीनाचा भाऊ निकितास फुलासाठी उतरताना घसरला होता आणि जन्माचा लंगडा झाला होता. याकुमीस दुपारपर्यंत तिथे बसून राहिला. मग दफनभूमीमागच्या उतारावरून त्याने साधी पिवळी फुलं तोडली, ग्रीसभर रस्त्याकडेला उगवतात ती, आणि छाती काढून गावात शिरला. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. पानं मात्र वेगळी, अमारांतोचं पान चमच्यासारखं आणि या साध्या फुलाचं सुईसारखं. दानाईने पेटीत नजर टाकायचा अवकाश, की संपलं.

आणि कोनाडा कोसळलेला नव्हता. दर वसंतात होडी घेऊन कड्याखालून जाताना दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर वरून अमारांतोचा मधासारखा वास यायचा. गेल्या महिन्यातही आला होता. याकुमीस दरवेळी वल्ही जोरात मारून पुढे निघून जायचा.

सोमवारी दुपारी चर्चच्या अंगणात बायका पेट्या घेऊन बसल्या. अनेझीनाची पेटी तिच्या मांडीवर होती, बंद. नवऱ्याचा हट्ट तिने तेवढा राखला होता. बाकीच्या पेट्या एकेक करून उघडल्या. दानाईने भिंगातून जुडीमागून जुडी तपासली आणि शेवटची खाली ठेवून ती पायरीवरच बसली.

"बी नाही एकातही," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐन बहरात उपटलंय. बी धरायला अजून महिनाभर लागतो. तेवढी उसंतही तुम्ही त्याला दिली नाहीत."

 एका म्हातारीने आपल्या नवऱ्याची जुडी पदराआड घ्यावी तशी स्कार्फच्या टोकाखाली झाकली.

"जाऊ दे गं पोरी," निकितास म्हणाला. तो आता गावातलं कॉफीघर चालवायचा आणि आपला लंगडा पाय बिल्ला लावल्यासारखा मिरवायचा. "एक फूल नसलं म्हणून बोटी यायच्या थांबणार आहेत का? डोंगरावर पिवळी फुलं ढिगाने पडलीत."

"ती सगळीकडे आहेत, निकितासकाका. हे फक्त तुमच्याकडे होतं. हे बेट जमिनीपासून तुटलं तेव्हा हे रोप इथे अडकून पडलं. हा खारा वारा, बिनपाण्याचे उन्हाळे सोसत सोसत ते सगळ्यांहून वेगळं झालं, आणि त्याला लाखो वर्षं लागली. इथून गेलं की जगातून गेलं, मागवणार कुठून? त्याच्यावर एक बारकी काळी मधमाशी जगते. ती तुमच्या ढिगातल्या फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. तीही उपाशी मरणार."

"भलतीच हट्टी दिसते," निकितास म्हणाला. "म्हणजे इथलीच."

बायका हसल्या, पण अर्धवट. दानाई हसली नाही.

"उद्याच्या बोटीने मी जाते. नामशेष असं लिहावं लागणार मला. एक जरी जिवंत रोप असतं ना, तर बी धरू दिलं असतं, रोपं केली असती, तुमच्या सगळ्यांच्या कोनाड्यांत पुन्हा लावली असती."

तिचे डोळे भरून आले होते. याकुमीसला तिची दया आली आणि स्वतःची चीड आली. चीड फार जुनी होती, एकेचाळीस वर्षं त्याने ती वाइनबरोबर गिळली होती. आता बोललं तर हा लंगडा मेहुणा मरेपर्यंत सोडणार नाही. आणि मांडीवर पेटी घेऊन बसलेली बायको?

"माझा कोनाडा जागेवर आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"कोसळला नाही तो. फुलंही असतील. मी उपटलीच नाहीत. उतरलोच नव्हतो मी. घाबरलो."

 मग निकितास हळूच म्हणाला, "दाजी, एकेचाळीस वर्षं माझ्या दुकानात बसून तो कडा किती वेळा उतरलास रे? गेल्या सणाला तर ससाण्याशी मारामारीही केलीस."

"केली," याकुमीस म्हणाला. "तुझ्या दुकानात बसूनच केली."

अंगण हसण्याने दणाणलं. याकुमीसने मान वर केली नाही. दानाईने मात्र उडी मारून त्याचे दोन्ही हात धरले आणि ती दोर आणायला पळत सुटली.

तासाभरात अर्धं गाव ससाणकड्यावर जमलं. दानाई कंबरेला पट्टे बांधून सरसर खाली उतरली आणि दगडाखाली दिसेनाशी झाली. निकितासने दोर धरला होता. लोक काठाशी ओणवून बघत होते. मग तिचा आवाज आला, हसतेय की रडतेय ते कळेना.

"एकवीस! एकवीस आहेत! आणि मधमाश्याही आहेत!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी याकुमीसच्या पाठीत धपका घातला. भित्रेपणाबद्दल शाबासकी मिळालेला तो बेटावरचा पहिलाच माणूस असावा. तो गर्दीतून बाजूला झाला. अनेझीना मागे एका दगडावर बसली होती. पेटी अजून तिच्या मांडीवर होती, पण आता उघडी.

"सुईसारखं पान," ती फुलं न्याहाळत म्हणाली. "माझा बाप याच कड्यावर शेळ्या चारायचा. तू जुडी हातात दिलीस तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी मी चर्चच्या ओट्यावर उभी होते. तिथून तू दिसत होतास, वर बसलेला. निकितासला घोंगडीत घालून आणलेलं मी पाहिलं होतं. हा खाली उतरला नाही तर दरवर्षी एक मेणबत्ती लावीन, असा नवस मी देवाच्या आईला बोलले."

लग्नाच्या वाढदिवसाला ती दरवर्षी दोन मेणबत्त्या लावायची. एक संसाराची. दुसरी कशाची म्हणून विचारलं की म्हणायची, तुला काय करायचंय. आणि मेण फुकट जातं म्हणून तो दरवर्षी कुरकुरायचा.

याकुमीस तिच्या शेजारी बसला. त्याने पेटीचं झाकण लावलं.

"नीट लाव," अनेझीना म्हणाली. "फुलं पडतील माझी."