बारापर्यंत पोचते

"अजून किती वेळ?" आर्डिसने विचारलं.

"इंजिन गरम झालं की," ऑर्व्हल म्हणाला.

हे उत्तर तिने लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. हँगरच्या पत्र्याच्या फटींतून वारा आत घुसत होता. त्यांच्या छोट्या विमानाच्या नाकावर जुनी गोधडी पांघरलेली होती आणि तिच्याखाली गरम हवेचा पंखा घरघरत होता. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या त्या कोपऱ्यात मार्च महिना म्हणजे पुरता हिवाळाच. रात्रभर गारठलेलं इंजिन तसंच सुरू केलं तर आतून झिजतं, म्हणून आधी त्याला शेक द्यायचा. या माणसाने आपल्या अंगावर कधी इतक्या निगुतीने पांघरूण घातलं असेल का, असं आर्डिसच्या मनात येऊन गेलं. पण आज भांडायचं त्राण नव्हतं. मांडीवर पर्स घेऊन ती एका डुगडुगत्या खुर्चीवर बसून राहिली.

सकाळीच बिलिंग्जच्या हॉस्पिटलमधून भाच्याचा, ट्रॉयचा फोन आला होता. आईचं आता काही खरं नाही, मावशी, आजच ये, असं तो म्हणाला. विमानाने निघायचं ठरल्यावर तिने परत फोन लावला, तेव्हा त्याने तो आईच्या कानाशी धरला. नोरीन ही आर्डिसची एकुलती एक बहीण, दोन वर्षांनी मोठी. फुप्फुसांनी हात टेकले होते. दोन शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा दोन शब्द.

"ते औषध देतो म्हणतायत. झोपेचं. दम लागायचा थांबतो. पण मग बोलायला उठेन असं नाही. मी म्हटलं, थांबा. आर्डिस आली की द्या."

"बारापर्यंत पोचते," आर्डिस म्हणाली.

"घड्याळाचे बारा, की तुमच्या विमानाचे?"

"घड्याळाचे."

मरणाच्या दारात बसूनसुद्धा नोरीनचं तोंड काही गप्प नव्हतं. स्वतःचं विमान असलेली माणसं कायम उशिरा येतात, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते खोटंही नव्हतं. ट्रॉयच्या लग्नाला आर्डिस पोचली तेव्हा केक कापून झाला होता. आईला पुरलं तेव्हा ती दोनशे मैलांवर एका धावपट्टीशेजारी वादळ सरायची वाट बघत होती. या वेळी नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं, आणि म्हणून वेळ सांगितली.

खरं तर त्या घरात पोचायची वेळ सांगायला बंदी होती. तो ऑर्व्हलचा कायदा होता आणि त्याला कारणही तसंच होतं. लाइल आणि व्हर्ना हे त्यांच्या रविवारच्या कंपूतलं जोडपं. हा कंपू दर रविवारी पॅनकेक खायला म्हणून शंभर मैल उडत जायचा, तसे पॅनकेक घरासमोरच्या हॉटेलातही मिळायचे. एका हिवाळ्यात लाइलने नातीला तिच्या वाढदिवशी सांगितलं, केक कापायच्या आत आलोच. वाटेत हवा बिघडली तरी तो परत फिरला नाही. दोघं दुसऱ्या दिवशी एका टेकडीवर सापडले. त्यांच्या अंत्यविधीहून येताना ऑर्व्हल म्हणाला होता, हवेने नाही मारलं त्यांना, त्या दिलेल्या वेळेने मारलं. तेव्हापासून कुणी विचारलं, कधी येताय, की दोघांचं एकच उत्तर असायचं, पोचलो की पोचलो. आज ऑर्व्हल हँगर उघडायला पुढे गेला होता आणि ती स्वयंपाकघरात एकटीच फोनवर होती. तिने ती वेळ देऊन टाकली आणि त्याला सांगितलं नाही.

तिचं म्हणणं होतं, गाडीने जाऊ. साडेपाच तासांचा रस्ता, कंटाळवाणा, पण भरवशाचा. शेजारच्या मोठ्या गावातून रोज सकाळी बिलिंग्जला विमान जायचं, पण फोन आला तोवर ते उडूनही गेलं होतं. तसंही ऑर्व्हल त्यातून गेला नसता. बूट काढा, पट्टा काढा, इथे बसा, तिथे बसू नका, हे ऐकायला मी काय शाळेतला पोरगा आहे का, असं तो म्हणायचा. जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ ढकलणारं यंत्र चालवण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती. जन्मभर ताशी दहा मैलांनी पुढे सरकलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी तरी वर जावंसं वाटलं, यात त्याचं काय चुकलं? हे आर्डिसलाही कळायचं. म्हणून तर शाळेच्या भटारखान्यात मोठमोठाली पातेली उचलून तिने जे मागे टाकलं, तेही इंजिनाच्या नाहीतर पंखाच्या दुरुस्तीत गेलं आणि समुद्र बघायचा राहिला, तरी ती फारसं बोलली नाही. आज सकाळीही त्याने हवामान बघितलं, इथे स्वच्छ, तिथे स्वच्छ. दोन तासांत पोचतो, म्हणाला. आणि ती हो म्हणाली.

इंजिनाने शेक घेता घेता दुप्पट वेळ खाल्ला. तरी एकदा वर गेल्यावर तिला हायसं वाटलं. खाली बर्फाने पांढरी पडलेली शेतं, कुंपणांच्या रेषा, मध्येच एखादं धान्याचं कोठार. ती मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत होती. फार काही नव्हतंच. फक्त नोरीनने डोळे उघडे ठेवून आपल्याला आत येताना बघावं आणि म्हणावं, आलीस का बाई वेळेवर एकदाची. एवढ्यासाठीच तिचा जीव टांगणीला लागला होता.

तासाभराने पुढची टेकड्यांची रांग दिसेनाशी झाली. ढग पार जमिनीवर येऊन बसले होते. थोडा डावीकडे जाऊन ऑर्व्हलने बघितलं, थोडा उजवीकडे, आणि मग विमान मागे वळवलं. दहा मिनिटांत ते ड्राय फोर्क नावाच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर उतरले. त्याने केलं ते बरोबर होतं. त्या बरोबर असण्याचाच तिला संताप आला.

"अर्ध्या तासात ढग वर उचलतील," तो म्हणाला.

धावपट्टीला लागून एक खोली होती. तिच्यात एक सोफा, कॉफीचं यंत्र, टेलिफोन, आणि खिळ्याला अडकवलेली गाडीची किल्ली. अशा प्रत्येक धावपट्टीवर एक खटारा ठेवलेला असतो. उतरणाऱ्याने घ्यावा, गावात जाऊन जेवावं, पेट्रोल भरून परत आणून लावावा. नाव-गाव कुणी विचारत नाही, आणि रात्रभर ती गाडी कुणी ठेवत नाही, कारण मागून येणाऱ्यालाही भूक लागलेली असते. इथली गाडी म्हणजे शेरीफच्या पोलीस खात्याने कधीकाळी मोडीत काढलेली गाडी होती. तिची देखभाल करणारा एल्डन नावाचा म्हातारा रस्त्यापलीकडे राहायचा. पाहुणे बघून तो आला, त्याने कॉफी चढवली आणि आज आभाळ काही उघडत नाही असं त्याचं मत त्याने न विचारता सांगितलं.

अर्धा तास गेला. ऑर्व्हल म्हणाला, अजून अर्धा तास. आर्डिसने टेलिफोन उचलून ट्रॉयला लावला.

"मावशी, कुठे आहेस तू?" ट्रॉयचा आवाज फुटला होता. "ती नर्सला हात लावू देत नाहीये. ओठ निळे पडलेत. सारखी घड्याळाकडे बघते. बाराला येणार म्हणते."

आर्डिसने परत करते फोन, असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. एल्डन उगाचच कपबशा विसळायला लागला.

"मी तिला बारा सांगितलेत," ती ऑर्व्हलला म्हणाली. "ते औषध न घेता थांबलीय ती. तळमळतेय. माझ्यासाठी."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठून खिडकीशी गेला. मग तो वळला.

"महामार्ग धरून उडत जाऊ या," तो म्हणाला. "अगदी खालून. विजेच्या तारा कुठे आहेत ते साधारण माहितीय मला. चल, ऊठ."

एल्डनचा हात थांबला, पण तो बोलला नाही. दुसऱ्याच्या विमानाबद्दल बोलायची त्या लोकांत रीत नाही.

आर्डिसला हो म्हणायचं होतं. ती उठलीसुद्धा, पर्स खांद्याला लावली. इतक्या वर्षांत या माणसाने तिच्यासाठी कधी नियम मोडला नव्हता आणि आज तो मोडायला निघाला होता. त्याने टोपी घातली, विमानाची किल्ली काढायला खिशात हात घातला, आणि ती त्याला बघत राहिली. बहात्तरीला आलेला, गुडघ्यांनी वाकलेला, दाढीचे खुंट तसेच ठेवून सकाळी घाईत निघालेला. घाबरलेला होता तो. पंखाशेजारी बसून इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे न सांगता कळतं. आणि तो जाणार होता, हेही तिला कळलं. ती हो म्हणाली की संपलं.

"बस खाली," ती म्हणाली.

"आर्डिस, मी नेतो ना तुला."

"माहितीय नेशील. म्हणून म्हणते, बस."

तो सोफ्यावर बसला. तिने पुन्हा फोन लावला आणि ट्रॉयला सांगितलं, आईच्या कानाशी धर. पलीकडून आधी श्वासच ऐकू आला, ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा.

"नोरीन, औषध घे."

"आलीस?"

"नाही. मध्येच अडकलोय. ढग आहेत."

श्वास. मग पुन्हा श्वास.

"थांबते मी. थोडी."

"नको थांबू. मला खूप उशीर होणार आहे. माझं चुकलं, मी वेळ सांगायला नको होती. तू घे ते औषध, झोप."



"ये पण," नोरीन म्हणाली. "झोपलेली असले तरी."

"येते."

"किती वाजता?"

"पोचले की पोचले," आर्डिस म्हणाली. पलीकडे काहीतरी खरखरलं. ते हसू होतं की खोकला, तिला कळलं नाही. मग ट्रॉयने फोन घेतला, आणि तो नर्सला हाक मारत असल्याचं तिला ऐकू आलं. तिने फोन जागेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडली. ऑर्व्हलला उठून जवळ जावंसं वाटलं, पण त्याचं धाडस झालं नाही.

एल्डननेच खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. ही गाडी गावातल्या जेवणापुरती असते, बिलिंग्जला नेण्यासाठी नसते, हे ती म्हणाली. तो म्हणाला, कुणी उतरलंच तर माझा ट्रक देतो, तुम्ही जा, उद्या आणा, परवा आणा. विमान बांधून ठेवतो मी, असंही त्याने ऑर्व्हलला सांगितलं. आर्डिसने आभार मानले आणि चालकाच्या जागी जाऊन बसली. ऑर्व्हलने दुसरं दार उघडलं.

गाडीला डावीकडे ओढायची सवय होती, त्यामुळे स्टीअरिंगचं चाक घट्ट धरून ठेवावं लागत होतं, आणि ते तिला बरं वाटलं. तास-दीड तासाने ऊन पडलं. ऑर्व्हलने वाकून काचेतून वर बघितलं. एकही ढग नव्हता. तो पुन्हा सरळ बसला आणि काही बोलला नाही. त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले. आपण सकाळीच गाडी काढली असती तर, हे तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. त्याच्या मनातही तेच चाललं असणार. आता ते एकमेकांना सांगून काय होणार होतं?

हॉस्पिटलला पोचले तेव्हा दुपार कलली होती. ऑर्व्हल दाराबाहेरच थांबला, टोपी हातात घेऊन. तू जा, म्हणाला. आत ट्रॉय खिडकीशी उभा होता. नोरीन झोपली होती. दम लागणं थांबलं होतं, ओठांवर थोडा रंग आला होता आणि छाती सावकाश वरखाली होत होती. आर्डिसने हाक मारली, हात दाबला, पुन्हा हाक मारली. काही हललं नाही.

नोरीनने चष्मा लावलेला होता. झोपलेल्या चेहऱ्यावर तो थोडा तिरका झाला होता.

"औषध देताना नर्स काढत होती," ट्रॉय म्हणाला. "तर काढू दिला नाही. म्हणाली, आर्डिस यायचीय, दिसायला हवी मला."

आर्डिस खुर्ची ओढून जवळ बसली. काचांवर बोटांचे डाग पडले होते. तिने चष्मा अलगद काढला, स्वेटरच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या, आणि पुन्हा बहिणीच्या डोळ्यांवर सरळ बसवला.